मजला, श्रेणी आणि पातळी : नेटहॅकमधील मॉन्स्टरांच्या मोजमापाविषयी

भुयारात एकेक मजला खाली उतरत शत्रूंशी झुंजण्याचे जे संगणकीय खेळ आहेत, त्यांत समोर येणाऱ्या प्रत्येक मॉन्स्टरला एक अंक दिलेला असतो आणि त्या अंकाला त्याची 'लेव्हल' म्हणजे पातळी असे म्हणतात. 'राक्षस' हा मराठी शब्द येथे मुद्दाम टाळला आहे, कारण या खेळांत उंदीर, मुंगी, पाण्यातला सरड्यासारखा न्यूट आणि अग्नी ओकणारा ड्रॅगन हे सारेच मॉन्स्टर ठरतात आणि त्यांतील बहुतेकांना राक्षस म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पातळी म्हणजे त्या जिवाचे बळ, अशी खेळणाऱ्याची साधी समजूत असते. परंतु हे तक्ते ज्याला हाताने भरावे लागतात त्याला थोड्याच दिवसांत कळून येते की, पातळी हा एकट्या मॉन्स्टरचा गुण नसून तो जीव, तो ज्या मजल्यावर जन्मला तो मजला आणि त्याच्यासमोर उभा असलेला खेळाडू या तिघांमधील नात्याचा हिशेब आहे.

प्रस्तुत लेखिकेने काही वर्षे अशाच एका खेळाच्या निर्मितीत मॉन्स्टरांचे तक्ते बांधण्याचे आणि ते चाचणीत तपासण्याचे काम केले. तो खेळ स्वतंत्रपणे लिहिला जात असला, तरी त्याच्या नियमांसाठी 'नेटहॅक' हा 1987 साली प्रथम प्रसिद्ध झालेला आणि आजही खेळला जाणारा खेळ आदर्श मानला गेला होता. नेटहॅकचा सोर्स कोड, म्हणजे ज्या मूळ आज्ञावलीतून खेळ तयार होतो ती, सर्वांना वाचण्यास खुला असल्यामुळे त्यातील प्रत्येक नियम गृहीत न धरता पडताळून पाहता येतो, आणि पुढील विवेचनातील सूत्रे त्या खेळाच्या 2003 सालच्या 3.4.3 व त्यानंतरच्या 3.6 या आवृत्त्यांतील आहेत.

कामाची पहिली अडचण गणिताची नव्हती, शब्दाची होती. 'लेव्हल' हा एकच शब्द या खेळांत भुयाराचा मजला, खेळाडूच्या पात्राची प्रगती, मॉन्स्टरचे मोजमाप आणि मंत्राची अवघडता अशा चार अर्थांनी वापरला जातो. हा गोंधळ या परंपरेच्या उगमाइतकाच जुना आहे : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून खेळण्याच्या खेळातच तो आला, आणि 1978 सालच्या खेळाडूंसाठीच्या ग्रंथात गायगॅक्स यांनी या चार अर्थांना चार वेगळी नावे देण्याचा आपला विचार होता, पण रूढ झालेला शब्द तसाच ठेवला, असे नमूद केले. लेखिकेची टिपणे मराठीत असल्यामुळे तिला हे सोपे जाईल असे वाटले होते, परंतु भुयाराच्या खोलीला 'खोली' म्हणावे तर भुयारात चौकोनी खोल्याही असतात आणि 'खोली 12' या नोंदीचा अर्थ बारावी खोली की बारा मजल्यांची खोली हे आठवड्याभराने वाचताना लिहिणारीलाही उमगत नसे. अखेर भुयाराचा तो 'मजला', खेळाडूची ती 'श्रेणी' आणि मॉन्स्टरची ती 'पातळी' अशी वाटणी ठरली. या लेखातही तीच पाळली आहे. शब्द वेगळे झाल्यावरच सूत्रे डोळ्यांना नीट दिसू लागली, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

पातळीचा मूळ अर्थ फाशांशी बांधलेला आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये मॉन्स्टरला किती 'हिट डाइस', म्हणजे त्याचे प्राण मोजण्यासाठी किती फासे टाकायचे, यावरून त्याची ताकद ठरे, आणि नेटहॅकने तीच रीत उचलली. मॉन्स्टरची पातळी जितकी, तितके आठ बाजूंचे फासे टाकून त्यांची बेरीज म्हणजे त्याचे 'हिट पॉइंट', अर्थात मरेपर्यंत तो सोसू शकेल तेवढा मार. तिसऱ्या पातळीच्या जिवाला 3 ते 24 यांमधील कोणतीही संख्या मिळू शकते आणि सरासरी साडेतेरा येते. शून्य पातळीच्या जिवासाठी चार बाजूंचा एकच फासा टाकला जातो. त्याच पातळीतून त्याचा नेमही ठरतो. पातळीत 10 आणि खेळाडूचा 'आर्मर क्लास' मिळवला जातो. हा अंगावरील चिलखताचा अंक असून तो जितका कमी तितके संरक्षण अधिक, आणि ही बेरीज वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या अंकाहून मोठी असेल तर वार लागतो. मेलेल्या मॉन्स्टरबद्दल खेळाडूला मिळणारे अनुभवाचे गुणही मुख्यतः पातळीच्या वर्गात एक मिळवून काढले जातात, त्यामुळे पातळी दुप्पट झाली की बक्षीस जवळजवळ चौपट होते. इतकेच नव्हे, तर खेळाडूसोबत चालणारा पाळीव कुत्रा कोणावर झेप घेईल आणि कोणासमोर मागे सरेल हेही पातळीच ठरवते : आपल्यापेक्षा दोन किंवा त्याहून अधिक पातळ्यांनी वर असलेल्या जिवावर तो हल्ला करीत नाही. एका अंकातून प्राण, नेम, मोल आणि दुसऱ्याच्या मनातील भीती अशा चार गोष्टी निघतात, आणि म्हणूनच त्या अंकात एकाची चूक झाली तरी ती चार ठिकाणी उमटते.

आता हा अंक येतो कोठून, हे पाहावयाचे. प्रत्येक जातीला तक्त्यात एक जन्मपातळी दिलेली असते, उदाहरणार्थ न्यूटला शून्य, 'सोल्जर अँट' या लढाऊ मुंगीला तीन, ट्रोलला सात, ड्रॅगनला पंधरा. परंतु प्रत्यक्ष मॉन्स्टर निर्माण होताना ही जन्मपातळी जशीच्या तशी वापरली जात नाही. मजल्याचा क्रमांक जन्मपातळीपेक्षा कमी असेल तर पातळी एकाने उतरते, आणि अधिक असेल तर त्या फरकाचा पाचवा भाग तिच्यात मिळवला जातो. त्यानंतर खेळाडूची श्रेणी जन्मपातळीपेक्षा जितकी अधिक असेल तिचा चौथा भाग आणखी मिळवला जातो. आणि शेवटी ही सारी बेरीज जन्मपातळीच्या दीडपटीच्या वर जाऊ दिली जात नाही. ट्रोल 22व्या मजल्यावर 14व्या श्रेणीच्या खेळाडूसमोर जन्मला, तर सातात मजल्याचे तीन आणि श्रेणीचा एक मिळून अकरा होतात, पण दीडपटीची मर्यादा दहावर थांबवते. येथे एक बारीक गोष्ट आहे आणि तिने लेखिकेचे बरेच दिवस खाल्ले. खेळाची आज्ञावली भागाकारातील उरलेला अपूर्णांक सरळ टाकून देते, म्हणून तिनाची दीडपट साडेचार न राहता चार होते. लेखिकेच्या हिशेबाच्या तक्त्यात मात्र तो अपूर्णांक जवळच्या पूर्णांकाकडे वळवला जात होता आणि तिथे पाच येत होते. चाचणीत नोंदलेले मुंगीचे प्राण आणि तक्त्यात अपेक्षिलेले प्राण जुळेनात, तेव्हा आधी दोष खेळात शोधला गेला, मग फाशांत, आणि सर्वांत शेवटी ज्या तक्त्यावर साऱ्यांचा विश्वास होता त्या तक्त्यात.

दीडपटीची ही मर्यादा हाच या साऱ्या रचनेचा कणा आहे, हे लेखिकेचे ठाम मत ती मर्यादा एकदा काढून पाहिल्यानंतर बनलेले आहे. ज्या खेळावर काम चालू होते त्यात वरच्या मजल्यांवरील घूस आणि मुंगळे हे जीव खेळाडू थोडा वाढला की बिनमहत्त्वाचे होतात अशी तक्रार आली, आणि ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांनी सर्वच जिवांची पातळी खेळाडूच्या श्रेणीबरोबर अनिर्बंध वाढू द्यावी असे ठरवले. लेखिकेनेही त्याला विरोध केला नाही, कारण कागदावर ते न्याय्य दिसत होते : खेळाडू वाढतो, तर जगानेही वाढावे. प्रत्यक्षात झाले असे की, पंधराव्या श्रेणीला पोचलेल्या खेळाडूलाही घूस मारण्यास पहिल्या दिवशी लागत तितकेच वार लागू लागले, प्रत्येक झुंज सारख्याच लांबीची झाली, आणि खेळून पाहणाऱ्यांना आपण वाढलो आहोत याची खूण जगात कोठेही सापडेना. अनुभवाने आलेले बळ ज्याच्यावर मोजायचे ते मापच बळाबरोबर लांबत गेले, तर मोजणी उरतच नाही. 2006 साली आलेल्या 'ऑब्लिव्हियन' या मोठ्या खेळावरही याच स्वरूपाची टीका झाली होती, कारण त्यात खेळाडू वरच्या श्रेणीला गेला की आडवाटेवरचे साधे लुटारूही अत्यंत महागडे चिलखत घालून समोर येत असत.

नेटहॅकमधील न्यूट याच्या अगदी उलट आहे. शून्याची दीडपट शून्यच, त्यामुळे खेळाडू कितीही मोठा झाला आणि मजला कितीही खोल असला, तरी नव्याने जन्मणाऱ्या न्यूटची पातळी शून्यच राहते. पहिल्या मजल्यावर ज्याच्या चाव्याची धास्ती वाटली होती तो न्यूट पुढे पायाखाली येतो, आणि त्या एका क्षणात खेळाडूला आपल्या प्रवासाचे अंतर कळते. मर्यादेमुळे जीव आपल्या जातीत राहतो. ट्रोल मोठा झाला तरी ट्रोलच असतो, ड्रॅगनच्या जागी बसत नाही. वरच्या टोकालाही अशीच एक भिंत आहे : नरकाचा अधिपती डेमोगॉर्गन याची तक्त्यातील पातळी 106 लिहिलेली असली, तरी 49च्या वरचे सारे अधिपती प्रत्यक्ष खेळात 50 या एकाच पातळीवर आणले जातात, आणि येंडरचा जादूगार हा खेळातील मुख्य शत्रू मात्र प्रत्येक वेळी मारला गेल्यावर एकेका पातळीने वाढून परततो, तोही 49पर्यंतच.

याचा अर्थ पातळी सर्व काही सांगते असा नव्हे, आणि येथेच लेखिकेची दुसरी चूक झाली. कोणता जीव कोणत्या मजल्यावर यावा हे तिने आरंभी केवळ पातळीवरून ठरवले होते, म्हणजे तिसऱ्या पातळीचे सारे जीव एका टोपलीत, पाचव्या पातळीचे दुसऱ्या. परंतु सोल्जर अँट ही तिसऱ्या पातळीची असूनही खेळाडूपेक्षा दीडपट वेगाने फिरते, एका खेपेत चावा आणि नांगी असे दोन वार करते, नांगीत विष असते आणि ती सहसा एकटी येत नाही. तर त्याच पातळीचा दुसरा एखादा जीव मंदगती आणि एकच वार करणारा असू शकतो. नेटहॅकने या अडचणीवर दुसरा अंक योजला आहे, ज्याला 'डिफिकल्टी' म्हणतात आणि ज्यासाठी परीक्षांच्या संदर्भात मराठीला परिचित असलेला 'काठिण्य' हा शब्द नेमका बसतो. पातळीवर वेग, चिलखत, वारांची संख्या, विषासारखे विशेष गुण आणि थव्याने येण्याची सवय यांचे वजन चढवून हे काठिण्य काढले जाते, आणि सोल्जर अँटचे काठिण्य पातळीच्या दुप्पट, म्हणजे सहा येते. पातळी जिवाच्या अंगात असते, काठिण्य त्याच्या भेटीत असते, असा हा भेद आहे.

भेटी ठरवण्यासाठी मग एक झरोका आखला जातो. मजल्याचा क्रमांक आणि खेळाडूची श्रेणी यांची सरासरी ही त्याची वरची कड, आणि मजल्याच्या क्रमांकाचा सहावा भाग ही खालची. ज्या जातींचे काठिण्य या दोन कडांच्या आत पडते त्याच जाती सहसा नव्याने निर्माण होतात. नेटहॅकच्या आधी 1980च्या सुमारास आलेल्या 'रोग' या खेळात इंग्रजी वर्णमालेतील 26 अक्षरांइतके 26 मॉन्स्टर क्रमाने मांडलेले होते आणि त्यांची निवड करताना केवळ मजला पाहिला जाई, खेळाडू कितीही कच्चा असला तरी त्याची गय नव्हती. नेटहॅकच्या सरासरीत खेळाडूचीही गणना झाल्यामुळे दोन परिणाम घडतात. जो अननुभवी खेळाडू घाईने खाली उतरतो त्याला त्या मजल्यावरचे सर्वांत भयंकर जीव भेटत नाहीत, आणि जो वरच्याच मजल्यांवर सुरक्षित राहून श्रेणी वाढवत बसतो त्याच्याकडे ती श्रेणीच अधिक कठीण जीव खेचून आणते. हा दुसरा परिणाम नव्या कामगाराच्या लक्षात फार उशिरा येतो.

पहिल्या परिणामाची मेहेरबानी मात्र पुरती तपासून पाहिली पाहिजे. पहिल्या श्रेणीची व्हॅल्किरी, म्हणजे खेळातील योद्धी, थेट 12व्या मजल्यावर गेली असे धरले, तर बारा आणि एक यांची सरासरी अपूर्णांक टाकून सहा होते, आणि सोल्जर अँटचे काठिण्य नेमके सहाच आहे, म्हणजे दार तिच्यासाठी उघडेच आहे. मजल्याच्या फरकामुळे मुंगीची पातळी तिनाची चार होते, चार फाशांचे सरासरी अठरा हिट पॉइंट तिला मिळतात, आणि आरंभीचा आर्मर क्लास सहा असलेल्या व्हॅल्किरीवर तिचा वार लागण्यासाठी दहा, चार आणि सहा यांची बेरीज वीस ही फाशाहून मोठी असावी लागते, जी वीसपैकी एकोणीस वेळा असतेच. वेगामुळे खेळाडूच्या दोन पावलांत तिच्या तीन खेपा होतात, प्रत्येक खेपेत दोन वार. नेटहॅकच्या खेळाडूंमध्ये या मुंगीची जी दहशत आहे तिचे कारण या चार ओळींच्या गणितात पूर्णपणे सापडते, आणि केवळ 'पातळी 3' असे वाचणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही.

काठिण्यालाही जे सांगता येत नाही असे जीव शिल्लक राहतातच. 'फ्लोटिंग आय' हा तरंगणारा निळा डोळा दुसऱ्या पातळीचा, काठिण्य तीन, चाल जवळजवळ शून्य, स्वतः होऊन कधीही वार न करणारा. परंतु डोळे उघडे ठेवून त्याच्यावर हाताने किंवा हातातील शस्त्राने वार करणारा खेळाडू बराच काळ जागच्या जागी जखडला जातो आणि त्या अवधीत कोणताही क्षुद्र जीव येऊन त्याला संपवतो. कॉकट्रिस हा पाचव्या पातळीचा कोंबड्यासारखा जीव, पण त्याला उघड्या हाताने स्पर्श केला की पंधराव्या श्रेणीचा वीरही दगड होतो. अशा जिवांचा धोका अंकात नाही, अज्ञानात आहे, आणि एकदा ज्ञान झाले की तोच जीव निरुपद्रवी ठरतो, किंबहुना हातमोजे घालून उचललेले कॉकट्रिसचे शव हे खेळाडूचे अत्यंत प्रभावी शस्त्र बनते. चाचणीच्या तक्त्यात अशा जिवांसाठी लेखिकेने पुढे वेगळा रकानाच ठेवला आणि त्यात अंक न लिहिता वाक्य लिहिण्याची पद्धत पाडली. तक्ता पाहणाऱ्या वरिष्ठांना हे आरंभी गबाळे वाटले, पण त्या रकान्यानेच पुढे सर्वांत अधिक चुका पकडून दिल्या.

जन्मानंतरही पातळी स्थिर राहत नाही. एक मॉन्स्टर दुसऱ्याला मारतो तेव्हा त्याचे कमाल हिट पॉइंट थोडे वाढतात, आणि ते त्याच्या पातळीच्या आठपटीच्या पलीकडे गेले की पातळी एकाने चढते. काही जाती या वाटेने वयातही येतात : दुसऱ्या पातळीचे कुत्र्याचे पिल्लू चौथ्या पातळीला पूर्ण कुत्रा होते आणि सहाव्याला मोठा कुत्रा. पिल्लू आधी चौथ्या पातळीच्या जिवासमोर मागे सरत असते आणि वाढल्यावर त्याच्यावरच धावून जाते. कोणतीही वेगळी आज्ञा न लिहिता, केवळ दोन नियम एकमेकांशेजारी ठेवल्याने एका प्राण्याला धीर येताना दिसतो. हे या कामातील सर्वांत आनंदाचे दृश्य होते.

शेवटचा नियम परतीच्या वाटेचा आहे. ज्याच्यासाठी भुयारात उतरायचे तो येंडरचा ताईत मिळवून खेळाडू वर चढू लागतो तेव्हा मजल्याचा क्रमांक कमी होत जातो, पण ताईत जवळ असेपर्यंत खेळ हिशेबात तो क्रमांक धरत नाही. खेळाडूने गाठलेला सर्वांत खोल मजलाच धरतो. म्हणून जेथे कधी न्यूट भेटला होता त्याच मजल्यावर आता तळाशी शोभणारे जीव जन्म घेतात. जग खेळाडूबरोबर वाढवायचे झाल्यास ते येथे, एका कृतीच्या परिणामी आणि एकाच टप्प्यावर वाढवले आहे, सरसकट नाही, आणि लेखिकेच्या मते हाच योग्य न्याय आहे. ज्या खेळावर तिचे काम चालू होते त्यातही दीडपटीची मर्यादा पुन्हा घातली गेली आणि घुशीची पातळी पूर्ववत शून्य झाली.

मराठीत असे खेळ घडवू पाहणाऱ्यांनी मजला, श्रेणी आणि पातळी हे तीन शब्द पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, आणि आपला तक्ता आखण्यापूर्वी नेटहॅकच्या सोर्स कोडमधील 'मेकमॉन' ही फाइल उघडून पातळी ठरवणारा तो छोटासा भाग कागद-पेन्सिल घेऊन एकदा हाताने सोडवावा.